घर दोघांचं, मग बाहेर तीच का?

नांदेड-लातूरकडं घटस्फोटाचा वाद पेटला की आधी बाईच माहेरी जाते. खरेदीखतावर दोघांची नावं असली तरी घर ‘त्याचं’! ती पोटगी मागते. हिस्सा मागतच नाही. वास्तविक १९८४ च्या कायद्यानुसार कुटुंब न्यायालयात नवरा-बायकोच्या मालमत्तेचाही दावा चालतो. दोन खोल्यांची वाटणी कशी करणार? निम्म्या हिस्सेदारानं मागणी केली तर १८९३ च्या वाटणी कायद्यानं कोर्ट घर विकून पैसे वाटून देऊ शकतं. तोवर तिला हुसकावू नये, असा आदेश २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मागता येतो.

हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. आणि आपलीच जाणती माणसं बैठकीत तिला सांगतात, “घराचं सोड, लेकरांचं बघ.” लेकरं राहणार कुठं?