ऑपरेशन बाईचंच का?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि नेहमीप्रमाणे गप्पा पाण्यावर आल्या. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. एक वयस्कर काकू म्हणाल्या, "माणसं एवढी वाढली, पाणी पुरणार कुठून? आजकालच्या पोरींना काही कळतच नाही." कोपऱ्यात एक सून खाली मान घालून ऐकत होती. पदरात दोन मुली आणि तिसऱ्यांदा दिवस गेलेले. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, मूल हवं की नको, हे तिला कुणी विचारलं होतं का?"

काकूंचं अर्धं म्हणणं खरं आहे. १९५१ साली देशाची लोकसंख्या ३६ कोटी होती, २०११च्या जनगणनेत ती १२१ कोटी झाली. २०२३ साली आपण चीनलाही मागे टाकलं. नद्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. आजोबांची वीस एकर जमीन मुलांत, मग नातवांत वाटली, की वाट्याला पिकापेक्षा बांधच जास्त येतो. आणि घरात काहीही कमी पडलं, की पहिली झळ बाईलाच. हंडा तिच्या डोक्यावर, उरलीसुरली भाकरी तिच्या ताटात, आणि शाळा सुटते ती तिच्या मुलीची.

पण पोरींना कळत नाही, हे मात्र खोटं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आहेत, म्हणजे दोनपेक्षाही कमी. हे कुणाच्या जिवावर झालं? त्याच पाहणीत, आपल्या राज्यातल्या १०० विवाहित स्त्रियांपैकी ४९ जणींनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलेलं आहे. नवऱ्यांचं प्रमाण शंभरात एकसुद्धा नाही!

दुसऱ्यांना कशाला बोलू? माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर सासूबाई आणि आईने मिळून ठरवलं, "आता हिचं उरकून घेऊ." अंगात रक्त कमी होतं, तरी मीच टेबलावर गेले. ह्यांचं नाव कुणाच्या तोंडात आलं नाही. खरं सांगते, माझ्याही डोक्यात आलं नाही. पुढे कितीतरी बायकांना मी स्वतः जीपमधून शिबिराला नेलं. एकीच्याही नवऱ्याला विचारलं नाही, की बाबा, तू का येत नाहीस? आज त्याची बोच लागते.

पुरुषांच्या मनात भीती आहे. आणीबाणीत, १९७६ साली जी जबरदस्ती झाली, तिच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. जबरदस्ती वाईटच, ती बाईवरही नको. पण ताकद जाते, कामाला माणूस उरत नाही, या निव्वळ गैरसमजुती आहेत. बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी घरी येतो. पुढे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि तपासणी करून खात्री करायची, एवढंच. बाईचं ऑपरेशन पोटाचं, जास्त जोखमीचं.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभर वर्षं उलटली, तरी आपण अजून मुलगा होईपर्यंत थांबत नाही. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, बोल मात्र सुनेला!

मैत्रिणींनो, सरकारने काय करायचं ते करू दे. आपण निदान आपल्या घरात विषय काढू. सुनेला विचारू, "तुला काय हवंय?" आणि मुलाला सांगू, "पाळणा थांबवायचा असेल, तर पहिला विचार तुझ्या ऑपरेशनचा कर." माझा मुलगा आता लग्नाचा झालाय. त्याला हे मी सांगितलंय. आधी लाजला, मग म्हणाला, "बरं आई." तुमच्या घरी कोण सांगणार?