शुद्ध ताट आणि प्लेगचा उंदीर

‘पूर्वी लोक सात्त्विक जेवत, म्हणून साथी येत नव्हत्या. प्लेग आणला तो परक्यांच्या मांसाहाराने.’ असा मजकूर आमच्या रनाळ्यात मोबाइलवर अधूनमधून फिरतो. तो पुढे पाठवणारे रोज ठेचा-भाकरी खातात. नंदुरबारचा बाजार ज्या मिरचीवर उभा आहे, ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. शेंगदाणा, मका, पपई हेही मूळचे अमेरिकेचे. मग हे शुद्ध ताट नेमके कोणत्या सालातले?

आता प्लेगचे पाहू. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत आग्र्याकडच्या साथीचा एक प्रसंग नोंदवला आहे. एका उमरावाच्या अंगणात उंदीर झिंगल्यासारखा झोकांड्या खात आला. तो मांजरापुढे टाकला, तर मांजर आजारी पडले. मग घरातल्या दासी एकेक करून मेल्या. पुढे १८९४ साली हाँगकाँगला येर्सिनने प्लेगचा जंतू शोधला आणि १८९८ साली कराचीत सिमाँने उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले. उंदीर धान्याच्या कणगीत पोसतो. घरात ज्वारी आहे की मटण, हे पिसू विचारत नाही.

जेवणाचा आणि मरणाचा खरा संबंध बघायचा असेल तर १६३० सालचा आपलाच खानदेश पाहा. पाऊस गेला, पिके गेली. सुरतेहून आग्र्याला निघालेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी नंदुरबारवरून गेला. त्याने वाटेवर पडलेली प्रेते नोंदवून ठेवली. शहाजहानचा दरबारी इतिहासकार लाहोरी लिहितो की, मेलेल्यांची हाडे दळून पिठात मिसळून विकली जात होती. बादशहा तेव्हा बुऱ्हाणपुरात होता. त्याने लंगर उघडले, सारा माफ केला, हे खरे. पण दख्खनची मोहीम थांबवली नाही, हेही तितकेच खरे. बादशहा मुसलमान होता म्हणून मी त्याची वकिली करणार नाही. त्या दुष्काळात माणसे मेली ती ताट अशुद्ध होते म्हणून नाही. ताट रिकामे होते म्हणून मेली.

आजही वाद ताटाच्या शुद्धतेवरच चालू आहे. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारातल्या अंड्याचा निधी बंद केला. हवे तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. कुपोषणासाठी नाव निघणाऱ्या आमच्या जिल्ह्यात वर्गणी कोण कोणाकडे मागणार? सात्त्विकतेचे धडे देणाऱ्यांनी आधी पोरांच्या ताटात काय पडते ते येऊन पाहावे.