प्राध्यापकांना सर्टिफिकेट मिळालं, पण ऑनलाइन शिकवता आलं का?

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि प्राध्यापकांनी रातोरात झूम, गूगल मीट गाठलं. वर्गातलं लेक्चर जसंच्या तसं कॅमेऱ्यासमोर झालं. समोर बंद कॅमेऱ्यांचे काळे चौकोन. कोण ऐकतंय, कोण झोपलंय, कळायला मार्ग नव्हता.

कॉलेजं पुन्हा भरली, पण ऑनलाइन शिक्षण गेलं नाही. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम' पोर्टलवरून करायला परवानगी देऊ शकतात. त्यामुळे प्राध्यापकांना हे शिकवणं जमतंय का, हा प्रश्न थेट विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेशी जोडला गेलाय.

मग प्रशिक्षण मिळत नाही का?

मिळतं. केंद्र सरकारने २०१८ मध्ये 'अर्पित' हा उपक्रम 'स्वयम'वर आणला. ४० तासांचा कोर्स, त्यातले २० तास व्हिडिओ, शेवटी परीक्षा. पास झालं की एका रिफ्रेशर कोर्सइतकी मान्यता. २०२३ मध्ये मालवीय मिशन सुरू झालं. त्यातल्या नव्या शैक्षणिक धोरणावरच्या ऑनलाइन प्रशिक्षणात आठ विषय आहेत. माहिती-तंत्रज्ञान हा त्यातला फक्त एक.

गोची पुढे आहे. हे कोर्स बढतीसाठी, म्हणजे प्राध्यापकांच्या भाषेत 'कॅस'साठी लागतात. म्हणून सर्टिफिकेट फाइलला लागतं आणि विषय तिथेच संपतो. परत वर्गात गेल्यावर काय बदललं, हे त्या फाइलमधून कळत नाही. त्यात ऑनलाइन कसं शिकवावं हेच लांबलचक पीपीटीतून ऐकवलं, तर प्राध्यापक तरी वेगळं काय करणार?

वेगळं कसं करता येतं?

आयआयटी मुंबईने नेमक्या याच कामासाठी प्राध्यापकांचे ऑनलाइन कोर्स चालवले. तिथे बटणं कुठली दाबायची यापेक्षा धडा कसा रचायचा यावर भर होता. व्हिडिओ छोटा ठेवायचा, मध्येच थांबवून प्रश्न विचारायचा, विद्यार्थ्याने विचार केल्यावरच पुढे जायचं. सरावाच्या प्रश्नात चुकीचा पर्याय निवडला, तर नुसतं 'चूक' न म्हणता कुठे गल्लत झाली ते सांगायचं.

उदाहरणार्थ, अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता शिकवायची आहे. पाऊण तासाच्या व्हिडिओऐवजी सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ, मध्ये एक थांबा: 'मीठ दुप्पट महाग झालं, तर तुमच्या घरात किती कमी येईल?' मग मूडल किंवा गूगल फॉर्मवर क्विझ. समजा ६० पैकी ३५ जणांनी एकच चुकीचं उत्तर दिलं. प्रत्यक्ष तासाला नेमकं काय घ्यायचं, हे तिथेच ठरतं. वर्गात 'समजलं का?' विचारल्यावर सगळे 'हो' म्हणतात, त्यापेक्षा हे केव्हाही भरवशाचं.

पण यासाठी वेळ लागतो. थांबे ठरवायचे, प्रत्येक चुकीच्या पर्यायामागचं कारण लिहायचं, आलेल्या शंकांना उत्तरं द्यायची. महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांमध्ये शिकवण्याचा भार तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबी प्राध्यापकांवर आहे. त्यांना मानधन मिळतं ते घेतलेल्या तासांचं. रात्री बसून क्विझ तयार केली, तर तिचा तास कुठल्याच बिलात लागत नाही. आणि 'कॅस' तर त्यांना लागूच नाही.