करंगळीची बाजू

आमच्या नाशकात हल्ली लग्नाआधी वधूवरांना गंगापूर धरणाच्या काठी, नाहीतर एखाद्या द्राक्षमळ्यात नेऊन प्रेम करायला लावतात. याला प्री-वेडिंग शूट म्हणतात. ‘मॅडम, सरांच्या छातीवर हात ठेवा. सर, ड्रोनकडं नको, मॅडमकडं बघा. हसा आता!’ बिचारा नवरा मुलगा असा हसतो, की दाढ काढून घ्यायला आलाय.

माझा या प्रकाराला सक्त विरोध आहे. प्रेमाला नव्हे, दिग्दर्शनाला.

१८३९ साली फोटोग्राफी जगापुढं आली, तेव्हा एका फोटोसाठी काही मिनिटं निश्चल बसावं लागे. मान हलू नये म्हणून स्टुडिओत डोक्यामागं लोखंडी चिमटा लावत. पुढं मिनिटांचं काम सेकंदांवर आलं, तरी चेहऱ्यावरचा वचक गेला नाही. जुन्या फोटोतली जोडपी एकमेकांवर फिर्याद लावून आल्यासारखी दिसतात. आजोबा खुर्चीत, आजी मागं उभी. पण नीट बघा. आजीचा हात खुर्चीच्या पाठीवर, आणि करंगळी तेवढी आजोबांच्या कोटाला टेकलेली. ती कुणी सांगून ठेवलेली नसते. अख्ख्या फोटोत खरं बोलणारी तेवढीच!

आजचा कॅमेरा सेकंदाच्या दोनशेव्या भागात काम उरकतो. म्हणजे ही चोरटी करंगळी टिपायची सोय आत्ता कुठं झाली, आणि आम्ही माणसांना अर्धा अर्धा तास मिठीत पुतळ्यासारखं उभं करतो.

नाटकच हवं तर दादासाहेब फाळक्यांचं घ्या. जन्म इथल्याच त्र्यंबकेश्वरचा. सिनेमाआधी गोध्र्याला फोटोग्राफी केलेला माणूस. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका एकट्या साळुंक्यांना दिल्या. नवराबायकोत इतकं एकमत पुन्हा दिसलं नाही! पण ते नाटक म्हणूनच केलेलं होतं.

लग्नाच्या फोटोचं तसं नाही. पुढंमागं दोघांतलं एक जण मागं उरतं आणि भिंतीकडं बघत बसतं. त्याला फोटोग्राफरनं सुचवलेली मिठी काय कामाची? तीच मिठी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जोडप्यानंही मारलेली असते. त्याला शोधायचं असतं ते तिचं पदर सारखा करत तिरकं बघणं.

तेव्हा फोटोग्राफरसाहेब, एक विनंती. ‘झालं, सुटलात!’ असं म्हणा, पण कॅमेरा खाली ठेवू नका. दोघं हुश्श करतील, ती त्याच्या खांद्यावरचं वाळकं पान झटकेल. तेवढं टिपा. एवढं खोटं बोललात तरी चालेल. निदान फोटो खरा येईल.