पेज कोण शिजवणार?

पावसाळा लागला की नालासोपारा, विरार, नायगावच्या मेडिकल दुकानांत एक ठरलेली खरेदी चालते. हातात दवाखान्याची चिठ्ठी, तिच्यावर दोन-तीन गोळ्यांची नावं आणि तळाशी ‘लाइट डाएट’ एवढे दोन शब्द. गोळ्या पिशवीत पडल्यावर माणूस क्षणभर घुटमळतो आणि दुकानदारालाच विचारतो, “खायला काय देऊ?” दुकानदार त्याच्या परीने ग्लुकोजची पुडी, बिस्किटांचा पुडा, एखादं रंगीत पेय पुढे करतो. घरी पोचेपर्यंत त्यात टोस्ट आणि दुधाच्या चहाची भर पडते. दुसरीकडे काही घरांत पोटाला आराम म्हणून दोन-दोन दिवस काहीच दिलं जात नाही, पाणीसुद्धा हात राखून.

रुग्णाला या दोन शब्दांच्या भरवशावर घरी धाडणं बरोबर नाही. बाहेरचं खाऊन झालेली विषबाधा बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपसूक उतरते. गोळ्यांपेक्षा मोठं काम असतं ते गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढण्याचं, आणि पोटाला पुन्हा अन्नावर आणण्याचं. म्हणजे उपचाराचा मोठा हिस्सा स्वयंपाकघरातच व्हायचा असतो आणि नेमकी त्याबद्दलच चिठ्ठी गप्प असते.

घरच्या माणसांच्या हातून केवढं काम होऊ शकतं, हे 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावने दाखवलं. बांगलादेशच्या युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली होती आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचं पाणी पिंपात भरून ठेवलं आणि ते पाजण्याचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. तोपर्यंत शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. तो आकडा चाराच्या खाली आला. आतड्याच्या अस्तरात साखर आणि मीठ जोडीने आत ओढणारी वाट असते, जुलाब चालू असतानाही ती बहुतेक शाबूत राहते आणि तिच्यामागोमाग पाणी शरीरात शिरतं. ओआरएसचं, म्हणजे या मीठ-साखरेच्या पाण्याचं, सगळं मर्म एवढ्यात आहे.

ते नीट दिलं जातं का, हा मात्र प्रश्नच आहे. मोठी पुडी 1 लिटर पाण्यासाठी असते आणि बाजारात 200 मिलिलिटरची छोटी पुडीही मिळते. पुडीवरचं माप न वाचता मोठी पुडी एका ग्लासात ढवळली, तर मीठ नको तितकं होतं आणि लहान मुलाला त्याने अपायच व्हायचा. पुडी हाताशी नसेल तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावं, चमचा चहाचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावं. आणि रंगीत पेयाला ओआरएस समजू नये. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अशी पेयं ओआरएस म्हणून विकण्याच्या फसवणुकीविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावातून ‘ओआरएस’ ही अक्षरं काढायला लावली.

आता अन्नाकडे वळू. वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांचा झेंडा होता त्या काळात गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य गोव्यात राहत होता. मुंबईचं बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात मोडशीवर, म्हणजे जुलाब-उलट्यांच्या आजारावर, एक प्रकरण आहे. इथले वैद्य अशा रोग्याला मिरी-जिरं घातलेलं तांदळाचं पाणी, म्हणजे कांजी, पाजतात असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. त्याच्याही आधी शार्ङ्गधराने आपल्या संहितेत मापं दिली: मंडाला तांदळाच्या चौदापट पाणी, यवागूला सहापट, विलेपीला चौपट. पातळाकडून घट्टाकडे जाण्याची ही पायरी आजही वैद्यांच्या पथ्यात आहे. पुढे विसाव्या शतकात ढाक्याच्या संशोधकांनी साखरेऐवजी तांदळाचं पीठ वापरून ओआरएस केलं आणि पटकीच्या रुग्णांत ते चांगलं लागू पडलं. तांदळाचं पिष्ट आतड्यात हळूहळू ग्लुकोज सोडतं, त्यामुळे मीठ-पाणी ओढायला मदत होते आणि वर थोडी ताकदही मिळते.

हीच तांदळाची पेज पालघर जिल्ह्याला शिकवावी लागत नाही. वारली पाड्यावर, कोळीवाड्यात, वाडवळांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या शिजते आहे. 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला वाडा कोलम तर याच जिल्ह्यातला. मूठभर जुना तांदूळ धुवून, हाताने किंचित चुरून दहा-बारा पट पाण्यात मंद आंचेवर ठेवायचा. पहिला फेस चढतो तेव्हा झाकण तिरकं करायचं, नाहीतर निम्मी पेज शेगडीवर जाते. दाणा फुटून त्याच्या कडा विरल्या की पळीच्या पाठीने दोनदा घोटायचं आणि मीठ घालायचं. वर जमते ती दुधट निवळ आधी वाटीत, कोमट, घोट-घोट. ती पोटात टिकली की मगच तळचा दाणा.

एक सावधगिरी मात्र हवी. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस हा जंतू वाढतो. त्याचं उलटी आणणारं विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून सकाळची पेज रात्री गरम करून देऊ नये. थोडीच करावी, ताजी द्यावी.

पेजेनंतरचं खाणंही इथल्याच मातीतलं आहे. वसईची ओळखच केळीच्या वाड्यांची. राजेळी केळ्यांची सुकेळी आगाशीहून मुंबईच्या घराघरांत जायची. इमारतींनी त्या वाड्या भराभर खाल्ल्या, तरी वसईवाल्या भाजीवालीच्या टोपलीत कच्ची केळी अजून दिसतात. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातल्या एका अभ्यासात लांबलेल्या जुलाबाच्या मुलांना तांदळाच्या आहारात शिजवलेलं कच्चं केळं घालून दिलं, तेव्हा ती लवकर सावरली. कच्च्या केळ्यातलं न पचणारं पिष्ट मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जंतू त्यापासून जी आम्लं करतात ती मीठ-पाणी शोषायला मदत करतात. पिकलेलं केळंही चालतं. जुलाबात गेलेलं पोटॅशियम त्यातून परत मिळतं. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर, पण मीठ कमी, तेव्हा शहाळं द्यावं ते ओआरएसच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे.

मग मऊ भात, वर मेतकूट आणि तुपाचा थेंब. मुगाचं कढण, बिनफोडणीचं वरण, ताजं ताक. दुधाचा चहा दोन-चार दिवस लांब ठेवलेला बरा, कारण दुधातली साखर पचवणारं विकर आतड्याच्या वरच्याच थरात असतं आणि तो थर दुखावलेला असतो; दही-ताक त्या मानाने सोसतं. बोंबलाचं तिखट कालवणही तेवढं थांबेल. मात्र नुसत्या भात-केळ्यावर आठवडा काढणंही चूक. अमेरिकेत केळं, भात, सफरचंदाचा गर आणि टोस्ट असं पथ्य वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. आता तिथलेच बालरोगतज्ज्ञ म्हणतात की त्यात प्रथिनं फार कमी, भूक लागताच नेहमीच्या जेवणाकडे यावं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तर एक वेळही तोडायचं नाही. शौचात रक्त, मोठा ताप, सहा-आठ तास लघवी नाही, घोटभर पाणीही न टिकणं किंवा ग्लानी, यांतलं काहीही दिसलं तर पेज बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावं.

हे सगळं ठाऊक असूनही खरी अडचण राहतेच: पेज शिजवणार कोण? वसईतल्या वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या कारखान्यांच्या गाळ्यांत काम करणारी हजारो माणसं एका खोलीत चार-पाच जण राहतात. त्यातला एक आजारी पडला की बाकीचे पाळीवर जातात. त्याच्यासाठी तासभर शेगडीजवळ उभं राहणारं कुणी नसतं. तो बिस्किटं खातो, कारण बिस्किटंच हाताशी असतात. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या मजुराला त्याच्या घरचं माड-भात किंवा पातळ खिचडी चांगली माहीत आहे, पण त्याला ती करून देणारं घर इथे नाही.

आश्रमशाळेतल्या मुलांचंही तेच. ऑगस्ट 2024 मध्ये डहाणू परिसरातल्या आश्रमशाळांत मध्यवर्ती स्वयंपाकघरातून आलेलं जेवण जेवून सुमारे अडीचशे मुलं आजारी पडली. चौकशी, नमुने, जबाबदारी यांवर तेव्हा बोललं गेलं आणि ते बोलायलाच हवं. पण दवाखान्यातून वसतिगृहावर परतलेल्या पोराच्या ताटात पुढचे चार दिवस काय पडावं, हेही कुठेतरी लिहिलेलं हवं. त्याच्या आईला पाड्यावर पेज करता येते. वसतिगृहाच्या आचाऱ्याला ती करण्याचा हुकूम हवा, आणि त्यासाठी वेगळं पातेलं.

मागणी फार मोठी नाही. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात ‘लाइट डाएट’च्या जागी मराठी आणि हिंदीत छापलेला अर्ध्या पानाचा कागद द्यावा: पुडीला किती पाणी, पेज कशी, मऊ भात कधी, दूध कधी, रुग्णालय कधी. तो ओआरएसच्या पुडीलाच टाचावा. आणि स्टेशनाजवळची पोळीभाजी केंद्रं, गाळ्यांजवळच्या खानावळी यांनी पावसाळ्याचे चार महिने मागणीप्रमाणे ताजी पेज आणि मऊ भात करून द्यावा. तांदूळ, मीठ आणि गॅस, याहून खर्च नाही, आणि बचत गटांच्या बायकांना हे काम उत्तम येतं. महापालिकेने त्यांना आधी जागा द्यावी आणि पाण्याची तपासणी करून द्यावी. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या वस्त्यांत तर तेवढ्याशिवाय पातेलं चढवताच येणार नाही.