फुले कोणासाठी?

अंगणातील तुळशीला मंजिऱ्या आल्या, की सकाळच्या कोवळ्या उन्हात तेथे मधमाश्यांची ये-जा सुरू होते. पाहणारा क्षणभर थबकतो आणि बहुधा माघारी फिरतो. कारण ‘माशी चावेल’ हे भय लहानपणापासूनच मनात रुजलेले असते. परंतु फुलावर काम करणाऱ्या मधमाशीचे माणसाशी वैर नसते. ती डंख मारते ती पोळ्याच्या रक्षणासाठी, किंवा स्वतः चिरडली जाऊ लागली म्हणून. आणि माणसाला डंख मारणारी कामकरी माशी आपल्याच प्राणांस मुकते. म्हणून पोळ्यापासून दूर राहावे, त्यावर दगड भिरकावू नये. पण फुलावरील माशीला भिऊन पळण्याचे कारण नाही. थोड्या अंतरावर शांत उभे राहून तिला पाहावे.

पाहणाऱ्याला पुष्कळ दिसते. माशीच्या मागच्या पायांवर परागांच्या इवल्या गोळ्या असतात. एका फेरीत ती बहुधा एकाच जातीच्या फुलांकडे जाते. तिच्या या एकनिष्ठेमुळेच एका फुलाचे पराग त्याच जातीच्या दुसऱ्या फुलाला मिळतात. भोपळ्याच्या वेलावर नरफुले वेगळी आणि मादीफुले वेगळी असतात. तेथील जड, चिकट पराग वारा वाहून नेऊ शकत नाही. माशीसारखा कीटक आला नाही, तर मादीफुलामागचा चिमुकला भोपळा पिवळा पडून गळून जातो.

ऑस्ट्रियात जन्मलेले शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी निळ्या कागदावर साखरेचे पाणी ठेवून माश्यांना तेथे येण्याची सवय लावली. पुढे पाणी काढून घेतले, तरी राखाडी कागदांच्या गर्दीतून माश्या निळाच कागद शोधीत. माश्यांना रंग ओळखता येतात, हे अशा साध्या प्रयोगांनी सिद्ध झाले. पोळ्यात विशिष्ट रीतीने नाचून माशी आपल्या सोबतिणींना फुलांची दिशा व अंतर कळविते, हेही त्यांनी उलगडून दाखविले. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. या शोधांच्या मुळाशी होती ती दिवसेंदिवस पाहत राहण्याची चिकाटी.

असे पाहिले, की बागेविषयीचा विचारही बदलतो. माणसाला भरगच्च पाकळ्यांचा गुलाब आवडतो. पण त्यात बरेचसे पुंकेसरच पाकळ्या झालेले असतात, म्हणून माशीला तेथे पराग थोडेच लाभतात. साधे, एकेरी पाकळ्यांचे फूल तिला अधिक देते. रोप डेरेदार व्हावे म्हणून तुळशीच्या मंजिऱ्या खुडतात, ते योग्यच. तरी चार मंजिऱ्या राखाव्यात. कोथिंबिरीच्या वाफ्याचा एक कोपरा फुलू द्यावा. उमललेल्या फुलांवर कीटकनाशक फवारू नये.

एका अंगणाने काय होणार, असे कोणी म्हणेल. परंतु माशीला कुंपण ठाऊक नसते. एका घरच्या तुळशीवर पोसलेल्या माश्या शेजारच्या परसातील भोपळ्यालाही फळ धरवितात. केवळ माणसाच्या डोळ्यांसाठी लावलेली बाग सुंदर असेल. पण जिच्यात मधमाश्यांचा गुंजारव घुमतो, तीच बाग खरी संपन्न होय.