विश्लेषण : जर्मन वाइन खरंच स्वस्त होणार? दोन आणि चार युरोच्या बाटलीत फरक काय?

जळगाव जामोद : भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी नवी दिल्लीत झाली. वाइनवरचे १५० टक्के आयात शुल्क पुढे २० ते ३० टक्क्यांवर येणार, हे कळताच परदेशी वाइन आता निम्म्या भावात मिळणार, असा अर्थ अनेकांनी काढला. मात्र सर्वांत स्वस्त बाटल्यांना या करारात सवलतच नाही. जर्मनीत तीन-चार युरोला बाटली सहज मिळते. त्यामुळे जर्मन वाइनच्या बाबतीत ही अट महत्त्वाची ठरते. कोणती बाटली स्वस्त होईल, कोणती होणार नाही, आणि हाती आलेली बाटली घेण्याजोगी आहे का, हे कसे ओळखायचे?

करारात वाइनबाबत काय ठरले?

सध्या आयात वाइनवर एकूण १५० टक्के शुल्क आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात त्याची फोड बदलली. मूळ सीमाशुल्क ५० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा अधिभार १०० टक्के झाला, बेरीज तीच राहिली. करार लागू होताच हे शुल्क ७५ टक्क्यांवर येईल. त्यानंतर ते टप्प्याटप्प्याने कमी होत मध्यम किमतीच्या वाइनसाठी ३० टक्के आणि महागड्या वाइनसाठी २० टक्के होईल. अडीच युरोपेक्षा कमी किमतीच्या बाटलीला मात्र कोणतीही सूट नाही. भारताने ही पद्धत आधीही वापरली आहे. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झाला, तेव्हा ५ डॉलरपेक्षा कमी किमतीच्या बाटलीला सवलतीतून वगळले होते. अगदी स्वस्त परदेशी वाइनचा लोंढा येऊन देशी उत्पादक अडचणीत येऊ नयेत, हा त्यामागचा हेतू.

अडीच युरोची रेषा का महत्त्वाची?

हिशेबाच्या सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरू. दोन युरोची बाटली बंदरात आली की तिचे मूल्य २०० रुपये. त्यावर १५० टक्के म्हणजे ३०० रुपये शुल्क, एकूण ५०० रुपये. करारानंतरही हा आकडा ५०० रुपयेच राहील.

आता चार युरोची बाटली घ्या. मूल्य ४०० रुपये, आजचे शुल्क ६०० रुपये, एकूण १००० रुपये. शुल्क ७५ टक्के झाले की हीच बाटली ७०० रुपयांना पडेल आणि ३० टक्के झाले की ५२० रुपयांना.

म्हणजे शेवटच्या टप्प्यात दोन युरोची आणि चार युरोची बाटली बंदरातून जवळपास सारख्याच किमतीला बाहेर पडेल. तीन युरोची बाटली तर ३९० रुपयांना पडेल, म्हणजे दोन युरोच्या बाटलीपेक्षाही स्वस्त. आयातदाराने तळातली वाइन मागवण्यात मग काही अर्थ उरत नाही. या कराराचा ग्राहकाला होणारा मोठा फायदा बहुधा हाच असेल. बाटलीची किंमत फार खाली येणार नाही, पण त्याच पैशांत आजच्यापेक्षा चांगली वाइन मिळू शकेल.

दुकानातील किंमतही तेवढीच उतरेल का?

नाही. आयात शुल्क केंद्र सरकारच्या हातात आहे, पण मद्यावरील उत्पादन शुल्क आणि विक्रीकर हा राज्यांचा विषय आहे. पिण्याच्या मद्याला जीएसटी लागू नाही, त्यामुळे प्रत्येक राज्याचा दर वेगळा. त्यात लेबल नोंदणीचे शुल्क, गोदाम, वाहतूक, आयातदाराचा आणि दुकानदाराचा नफा मिळवला की बंदरातल्या ५२० रुपयांची दुकानातली किंमत बरीच वर जाते.

जर्मनीत चित्र उलटे आहे. तिथे साध्या वाइनवर वेगळे उत्पादन शुल्क शून्य आहे आणि फक्त १९ टक्के मूल्यवर्धित कर लागतो. तिथल्या सुपरमार्केटमधली किंमत आणि इथली किंमत यांची थेट तुलना म्हणूनच फसवी ठरते. शिवाय आयात वाइन मोठ्या शहरांतील मोजक्या दुकानांतच प्रामुख्याने मिळते. जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावातील ग्राहकासाठी बाटलीच्या किमतीत त्या शहराची फेरीही धरावी लागते.

जर्मन वाइनचे वेगळेपण काय?

जर्मनीत वाइनची १३ अधिकृत क्षेत्रे आहेत. त्यांतील राइनहेसेन सर्वांत मोठे आणि फाल्झ दुसरे. मोझेल नदीकाठचे तीव्र उताराचे मळे सर्वाधिक प्रसिद्ध. देशातील एकूण लागवड सुमारे एक लाख हेक्टर असून रिसलिंग हे तिथले सर्वाधिक लावले जाणारे द्राक्ष आहे. तिथली बहुतांश वाइन पांढरी असते.

तिच्या चवीचे गणित जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या संत्रा बागायतदारांना लगेच कळेल. फळ पिकते तशी साखर वाढते आणि आंबटपणा उतरतो. मोझेलचा भाग ५० अक्षांशाच्या आसपास आहे, तर जळगाव जामोद २१ अंशांवर. थंडीमुळे तिथले द्राक्ष सावकाश पिकते, साखर भरली तरी आंबटपणा टिकून राहतो. नुसते गोड संत्रे पुळचट लागते, आंबट-गोड संत्र्याला चव असते; चांगल्या रिसलिंगचेही तेच आहे. नाशिकच्या उष्ण हवेत आंबटपणा राखणे हे वाइन उत्पादकांपुढचे कायमचे आव्हान आहे.

लेबल कसे वाचायचे?

जर्मन लेबल लांबलचक असले तरी चार-पाच शब्द ओळखता आले की काम भागते.

गोडी : ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, लिटरमागे साखर साधारण ९ ग्रॅमपर्यंत. ‘हाल्बट्रोकन’ म्हणजे किंचित गोडसर, साधारण १८ ग्रॅमपर्यंत. ‘लीब्लिश’ म्हणजे गोड, ४५ ग्रॅमपर्यंत. ‘फाइनहेर्ब’ या शब्दाला कायद्याने ठरवलेली मर्यादा नाही, पण ती वाइन बहुधा हाल्बट्रोकनच्या आसपास असते.

दर्जा : ‘डॉइचर वाइन’ ही तळाची पायरी, त्यावर ‘लांडवाइन’, मग ‘क्वालिटेट्सवाइन’ आणि सर्वांत वर ‘प्रेडिकाट्सवाइन’. या शेवटच्या पायरीत ‘काबिनेट’, ‘श्पेटलेझे’, ‘आउसलेझे’ असे प्रकार येतात. ते द्राक्ष तोडताना किती पिकले होते, हे सांगतात. काबिनेट सर्वांत हलकी आणि या गटात सहसा सर्वांत परवडणारी.

तपासणी क्रमांक : वरच्या दोन पायऱ्यांच्या प्रत्येक वाइनची प्रयोगशाळेत आणि चाखून तपासणी होते. त्यानंतर मिळणारा क्रमांक लेबलवर असतो. त्याचे शेवटचे दोन आकडे तपासणीचे वर्ष दाखवतात. साधी पांढरी वाइन असेल आणि हे वर्ष बरेच जुने असेल, तर ती दुकानात पडून राहिल्याची शक्यता असते.

बाटली कोणी भरली : ‘गुट्सआबफ्युलुंग’ किंवा ‘एर्त्सोयगरआबफ्युलुंग’ असेल, तर द्राक्ष पिकवणाऱ्यानेच किंवा त्यांच्या सहकारी संस्थेने ती भरलेली असते. नुसते ‘आबफ्युलर’ असेल, तर वाइन विकत घेऊन भरणाऱ्या कंपनीची.

गावाच्या नावानेही फसगत होते. ‘पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फशेन’ हा एक ठरावीक मळा आहे, पण ‘पीसपोर्टर मिशेल्सबर्ग’ हे अनेक गावांच्या मळ्यांना मिळून दिलेले नाव आहे. लेबलवर दोन्ही सारखीच भारदस्त दिसतात. एकेकाळी ‘लीबफ्राउमिल्श’ नावाच्या स्वस्त गोड वाइनने ब्रिटन-अमेरिकेची बाजारपेठ भरली होती. जर्मन वाइन म्हणजे साखरपाणी हा समज बराचसा तिच्यामुळे रुजला.

शब्द लक्षात राहत नसतील तर मद्यार्काचे प्रमाण पाहावे. रिसलिंगवर ७ ते ९ टक्के लिहिलेले असेल तर ती बहुधा गोड, १२ टक्के किंवा जास्त असेल तर बहुधा कोरडी.

मोबाइलचा उपयोग कसा होईल?

८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनसाठी युरोपीय संघात घटक आणि पोषणमूल्ये जाहीर करणे बंधनकारक आहे. बहुतेक उत्पादक त्यासाठी लेबलवर क्यूआर कोड देतात. हातातल्या बाटलीवर तो असेल, तर दुकानातच स्कॅन करून १०० मिलिलिटरमागची साखर पाहता येते. आकडा १ ग्रॅमच्या आत असेल तर वाइन कोरडी. ४ ग्रॅमच्या पुढे गेला, तर पेलाभर वाइनमध्ये चमचाभर साखर आहे असे समजावे. मधुमेह असलेल्यांसाठी ही माहिती विशेष महत्त्वाची. मात्र कोरडी वाइन म्हणजे निर्धोक वाइन, असे नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

चव घेताना काय पाहावे?

आधी बाटली पाहावी. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. गाडीत किंवा पत्र्याच्या गोदामात तापलेली वाइन चांगली राहत नाही. बूच वर सरकलेले, तोंडाशी चिकट ओघळ, पातळी उतरलेली किंवा पांढरी वाइन तपकिरी पडलेली, यांपैकी काहीही दिसले तर ती बाटली घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये वातानुकूलित दुकानातूनच खरेदी करणे बरे. फिरकीच्या झाकणाची बाटली हलक्या दर्जाची असते हा गैरसमज आहे. जर्मनीत चांगले उत्पादकही असे झाकण वापरतात.

मग वास. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तर बूच खराब आहे. जुन्या रिसलिंगला येणारा रॉकेलसारखा वास मात्र दोष नाही, ती त्या द्राक्षाची ओळख मानली जाते. वाइन गार करून छोटा घोट घ्यावा आणि गोडी व आंबटपणा एकमेकांना तोलतात का, हे पाहावे. घोट संपल्यावर फक्त गोडी जिभेवर राहिली तर वाइन साधारण. तोंडाला पाणी सुटले तर आंबटपणा शाबूत आहे. तिखट जेवणाबरोबर कमी मद्यार्काची, किंचित गोड वाइन बरी लागते, कारण जास्त मद्यार्काने तिखटाची जळजळ वाढते.

नव्याने निवड करणाऱ्यासाठी राइनहेसेन किंवा फाल्झची, उत्पादकाने स्वतः भरलेली ‘क्वालिटेट्सवाइन’ ही सहसा खर्चाच्या मानाने योग्य निवड ठरते.

जर्मनीहून येणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

२०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासाठी बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला. बाडेन आणि वुर्टेम्बर्ग ही दोन्ही नावाजलेली वाइनक्षेत्रे आहेत. त्यामुळे अनेक घरांत जर्मन वाइनची पहिली बाटली दुकानातून नव्हे, तर मुलाच्या किंवा मुलीच्या सामानातून येते. विमानाने येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या यात बसतात, तिसरीने मर्यादा ओलांडली जाते. महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार मद्य जवळ बाळगण्यासाठी परवाना लागतो, आणि वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, हेही विसरू नये.

नाशिक-सांगलीच्या बागायतदारांचे काय?

महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. त्यातून नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. राज्यातील उत्पादकांना वाइनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परत देणारी योजनाही आहे. अडीच युरोच्या अटीमुळे स्वस्त देशी वाइनला संरक्षण राहील. खरी स्पर्धा मधल्या किमतीत होईल, म्हणजे चार-पाच युरोची बाटली आणि चांगली नाशिकची बाटली यांच्यात. वाइनच्या द्राक्षांचे वाण वेगळे असतात आणि वेल अनेक वर्षांसाठी लावलेला असतो. वायनरीने खरेदी कमी केली, तर शेतकऱ्याला पुढच्याच हंगामात खाण्याच्या द्राक्षांकडे वळता येत नाही.

पुढे काय?

करार लागू होण्यासाठी स्वाक्षऱ्या आणि युरोपीय संसदेची मंजुरी आवश्यक आहे. त्यानंतरही शुल्क एका दिवसात ३० टक्क्यांवर येणार नाही. राज्यात वाइनचा प्रश्न किती नाजूक आहे, हे २७ जानेवारी २०२२ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने दाखवले होते. सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीला परवानगी देणारा तो निर्णय विरोधानंतर अमलात आला नाही. नव्या करारानंतर राज्य सरकार आयात वाइनवरील आपले शुल्क कायम ठेवते, वाढवते की कमी करते, यावर दुकानातली किंमत ठरेल. तोपर्यंत ‘करारामुळे स्वस्त’ अशा जाहिरातीला भुलण्याआधी ग्राहकाने बाटलीवरचे तपासणीचे वर्ष आणि साखरेचा आकडा पाहून घेतलेला बरा.